बसण्याचे तीन दिवस

रोटिआच्या शाळेच्या फ्रॉकवरचा डाग किनाईला दिसला तो भर रस्त्यात, बेटिओ शहरातल्या पाण्याच्या टाकीपाशी. आधी तिला वाटलं, कार्टी कुठल्यातरी गंजक्या पत्र्यावर बसली असणार. गंज इथे कशाला लागत नाही? पत्र्याला लागतो, सायकलीला लागतो, चुलीवरच्या पातेल्याला लागतो. "कुठे बसली होतीस गं? मागे गंज लागलाय," ती म्हणाली. "कुठेच नाही," रोटिआ म्हणाली आणि जिभेने पुन्हा ती हलती दाढ ढकलायला लागली. गेले चार दिवस त्या दाढेने तिला वेड लावलं होतं, दुधाची शेवटची दाढ. किनाईने पुन्हा पाहिलं आणि या वेळी तिला ओळखू आलं. दहा वर्षं आणि दोन महिने. तोंडातले दुधाचे दात अजून संपले नव्हते आणि पोरीला न्हाण आलं होतं. पोस्टाच्या गणवेशावर गुंडाळलेली आपली लुंगी तिने सोडली, पोरीच्या कमरेला दोन वेढे दिले, घट्ट गाठ मारली आणि तिचा हात धरून घराकडे चालायला लागली. "शाळा?" रोटिआने विचारलं. "आज नाही. उद्या नाही. परवाही नाही," किनाई म्हणाली. रोटिआचा चेहरा खुलला. तिला वाटलं, सुट्टी मिळाली.

आपलं सोळाव्या वर्षी, हे किनाईला आठवायची गरज नव्हती, ते तिच्या अंगात कायमचं जागं होतं. ती वाढली त्या नोनोउटी बेटावर सोळावं हे काही उशिराचं वय नव्हतं. तिथे पोरी दलदलीतल्या खड्ड्यांत उतरून बाबाईचे कंद उपसायच्या, पाण्याच्या बादल्या वाहायच्या, ओहोटीला शिंपल्यांसाठी मैलभर चालायच्या, आणि अंगावर काही साचायच्या आतच ते खर्च होऊन जायचं. तिची धाकटी बहीण रुता मात्र बेटिओत वाढली. आई गेली तेव्हा किनाई चार वर्षांची होती आणि रुता दोन. आत्या होडीने आली, रुताला मांडीवर घेऊन गेली, किनाई आजीकडे राहिली. एका झाडाची दोन रोपं, एक इथे लावलं, एक तिथे. दहा वर्षांनी रुता भेटीला आली तेव्हा दोघी विहिरीवर आंघोळीला गेल्या आणि किनाई बघतच राहिली. रुता बाराची होती आणि तिला छाती होती, कंबर होती, कंबरेखाली भरलेला घेर होता. ती आपली वर्षापूर्वीच शहाणी झाल्याचं अगदी सहज सांगत होती, जसं कुणी नवीन चप्पल घेतली म्हणून सांगावं. किनाई चौदाची होती आणि समोरून-मागून सारखीच सपाट. आजी काठावरून म्हणाली, "साखरेवर पिकलंय ते. माझी पोर झाडावर पिकेल." त्या उन्हाळ्यात मनेबात, गावाच्या सभामंडपात, नाच झाला तेव्हा रुताला पहिल्या रांगेत उभं केलं, कारण कमरेवरचा तो जड पानांचा घागरा हलवायला खाली काहीतरी असावं लागतं. किनाईचा घागरा दोनदा घसरला. तिला मागच्या रांगेत नेलं, आणि बायका हसल्या त्या वाईट मनाने नाही, पण हसल्या.

सासूबाई, नेई तेकुआ, घरासमोरच्या माचावर मासे उलटे करत बसल्या होत्या. सत्तरीच्या, वाळक्या बोंबलासारख्या सडसडीत, आणि तोंडाला कसला लगाम नाही. रोटिआच्या कमरेची लुंगी त्यांनी पाहिली, किनाईचा चेहरा पाहिला, आणि त्यांना सगळं कळलं.

"अगं बाई. एवढ्यात?"

"एवढ्यात," किनाई म्हणाली.

"मग न्हाऊ घाल, चिंध्या दे, नि शाळेत पाठव. हे काय वय आहे? बाहुली अजून उशाशी घेऊन झोपते ती."

"बसवायची आहे," किनाई म्हणाली. "तीन दिवस. नियमाने."

म्हातारीने हातातला मासा खाली ठेवला. "अख्ख्या बेटिओत हल्ली कोण बसवतं? पाद्रीबाबासुद्धा विसरले ओरडायचं. आणि तू, पोस्टात काम करणारी?"

"मीच बसवणार. तुमच्या लेकाला, बाउरोला, जहाजावर निरोप पाठवू नका, मी पाठवीन. आणि आई, खाण्यापिण्यात कुणी लाड करायचे नाहीत. सकाळी-संध्याकाळी पिकल्या नारळाचा तुकडा आणि पाणी. एवढंच."

"बरं बाई," म्हातारी म्हणाली. "सुनेचं राज्य आहे." पण किनाईकडे ती बघत राहिली.

मागच्या खोलीत किनाईने केवड्याची नवी चटई अंथरली, पूर्वेच्या बाजूचा पडदा वर केला आणि रोटिआला तिकडे तोंड करून बसवलं. झोपायचं नाही, हसायचं नाही, बडबडायचं नाही, सुंभ वळायचा. कारण या तीन दिवसांत पोर जे करते ते तिला जन्मभर चिकटतं. जी झोपते ती आळशी होते, जी चुगल्या करते ती चुगलखोर, जी हात चालवते ती कामसू. हे रोटिआला सांगताना किनाईचा आवाज आजीसारखा झाला, तिला स्वतःलाच तो ऐकू आला. रोटिआने ऐकून घेतलं. "आणि जी खाते ती?" तिने विचारलं. किनाईने काथ्याची जुडी तिच्या मांडीवर टाकली. "ती खात सुटते," ती म्हणाली. "हं, असा घे, मांडीवर ठेव, तळव्याने पुढे लोट." पोरीची मांडी मऊ होती, काथ्याने लगेच लाल झाली. किनाईची मांडी त्या वयात लाकडासारखी होती.

तिने पोस्टातून तीन दिवसांची रजा काढली आणि दाराशी ठाण मांडून बसली. लोकांना काय वाटेल, याची तिला पर्वा नव्हती. शेजारची एकजण डोकावून म्हणाली, "किनाई, तू तर जुन्या लोकांपेक्षा जुनी निघालीस." किनाई नुसती हसली. तिला काय करायचं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि का करायचं होतं तेही ठाऊक होतं, पण ते कारण तिने बावीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. ती आपल्या पोटावर हात ठेवून बसली. हल्ली बसल्यावर हात ठेवायला तीच जागा उरली होती. गेल्याच आठवड्यात दवाखान्यात बायकांची रांग लावली होती, नर्स मेरे टेप आणि वही घेऊन बसली होती. आधी प्रश्न, कुठे वाढलीस, पहिल्यांदा कितव्या वर्षी, आणि मग टेप, कंबर, कुल्ले. मागची एक म्हणाली, "टेप पुरली नाही तर बंदरातून दोरखंड मागवा," आणि रांगभर हशा पिकला. किनाईची कंबर एकशे सहा सेंटिमीटर भरली. रक्तात साखरही सापडली. मेरे वहीतून वर न बघता म्हणाली, "गंमत बघ. बाहेरच्या बेटांवर वाढलेल्या सगळ्या पंधरा सांगतात, सोळा सांगतात. इथे वाढलेल्या दहा, अकरा. त्यांचे कुल्ले आधीपासून भरलेले, तुम्ही आलात तेव्हा काटकुळ्या. आणि आता पोटाला टेप सगळ्यांना सारखीच लागते. भात कमी कर, साखर बंद कर, चालत जा." किनाईने मान डोलावली. मनात ती म्हणाली, बाकीच्यांचं मला माहीत नाही. माझं कशाने झालं ते मला माहीत आहे.

दुधाच्या डब्याने झालं. रुता त्या उन्हाळ्यात जाताना आटवलेल्या गोड दुधाचा एक डबा ठेवून गेली होती, आणि आजीने तो आढ्याच्या पानांत खोचून ठेवला होता, कुणी मोठा पाहुणा येईल त्या दिवसासाठी. दोन वर्षं तो तिथे होता. झोपताना किनाईला त्याची चकचकीत कड दिसायची. मग सोळावं लागलं, न्हाण आलं, आजीने बसवलं. पहिला दिवस कसाबसा गेला. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं, मांडी सोलवटली, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, आणि घरात चिटपाखरू नव्हतं. आजी विहिरीवर गेली ती येईना. काका जाळं घेऊन गेले होते, काकू कुठे तरी गेल्या होत्या. आणि डबा आढ्यात नव्हता. तो खांबाशी, चटईच्या कडेला पडलेला होता, आणि शेजारी एक मोठा खिळा. वाऱ्याने पडला असेल, उंदराने ढकलला असेल, असं तेव्हा वाटलं, विचार करायला तरी कुठे शुद्ध होती? दगडाने खिळा ठोकून तिने दोन भोकं पाडली आणि डबा तोंडाला लावला. ते दूध जिभेवरून घशात उतरलं तसं आजवर काहीच उतरलेलं नाही. सगळा डबा तिने संपवला आणि रिकामा वाळूत खोल पुरला. आजी आली, तिच्याकडे बघितलं, काही बोलली नाही. डब्याबद्दलही कधी विचारलं नाही, आणि ते न विचारणं किनाईला शिक्षेहून जड वाटलं. एकोणिसाव्या वर्षी ती बेटिओला आली, पाव आला, भात आला, चहात चार चमचे साखर आली, आणि तिचा हात थांबेना. प्रत्येक बाळंतपणात ती पसरत गेली, तीनपैकी दोन बाळं गेली, रोटिआ तेवढी राहिली. आरशात स्वतःला बघताना ती दरवेळी तेच म्हणायची, बसायच्या दिवसांत चोरून खाल्लंस, आता खा जन्मभर. रुता कधी बसलीच नव्हती, आत्याने तिला बसवलं नव्हतं, आणि रुताचाही घेर आता दार अडवतो, हे किनाईला दिसत नव्हतं असं नाही. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तिने ती गोष्ट इतकी वर्षं मनात वळली होती की ती उसवायची कुठून हेच कळत नव्हतं. आपलं झालं ते झालं. रोटिआचं होऊ द्यायचं नाही. अंगाने ती आधीच रुतावर गेली होती, गोलसर, मऊ, साखरेवर पिकलेली. आता निदान या तीन दिवसांत तिच्या तोंडात भलतं काही जाऊ द्यायचं नाही, मग कुणी काही म्हणो.

पहिला दिवस रोटिआने खेळ म्हणून काढला. संध्याकाळी नारळाचा तुकडा पाच मिनिटं चघळला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रडली, पण आवाज न करता, कारण रडणंही चिकटेल अशी तिला भीती वाटत होती. तिने वळलेला सुंभ कुठे दोऱ्याएवढा, कुठे बोटाएवढा झाला होता. "आई, माझ्या पोटात आवाज येतोय. आवाज चालतो का?" तिने विचारलं. किनाई म्हणाली, "चालतो. बोलू नकोस." आणि म्हातारी सकाळपासून घिरट्या घालत होती. एकदा खराटा घेऊन आली, एकदा चटईची कड सारखी करायला आली, एकदा म्हणाली, "किनाई, पाण्याची गाडी आली वाटतं, जाऊन ये." पाण्याची गाडी आली नव्हती. मग म्हणाली, "दुकानातून काड्यापेटी आणतेस?" किनाईने चुलीवरची भरलेली काड्यापेटी उचलून तिच्या हातात दिली. ऊन डोक्यावर आलं. पत्रा तापून कडकडायला लागला. म्हातारी पुन्हा आली, या वेळी एक हात ओटीवर दाबून धरलेला.

"आई, ओटीत काय आहे?"

"माझं जेवण."

"तुम्ही मघाशी जेवलात."

"म्हाताऱ्या माणसाला पुन्हा भूक लागते. तू जरा बाहेर जा बघू. अंग मोकळं कर."

किनाई उठली. हल्ली उठायला तिला दोन्ही हात टेकावे लागत, पण या वेळी ती एका दमात उठली आणि दारात आडवी उभी राहिली. "मी इथून हलणार नाही," ती म्हणाली, "आणि तुम्हीही आत जायचं नाही. तुम्हाला काय जातं? तुम्ही नियमाने बसलात, म्हणून सत्तरीत काडीसारख्या आहात. माझ्याकडे बघा." तिने स्वतःच्या पोटाला धरलं. "हे कशाने झालं माहीत आहे? मी चोरून खाल्लं. दुसऱ्या दिवशी, अशाच उन्हात. दुधाचा अख्खा डबा." आणि मग बावीस वर्षांचं सगळं बाहेर पडलं, आढं, खिळा, वाळूत पुरलेला डबा, न विचारणारी आजी. ती दबक्या आवाजात बोलत होती, पोरीने ऐकू नये म्हणून, आणि पोर पूर्वेकडे तोंड करून सगळं ऐकत होती.

म्हातारी ओटी धरून ऐकत राहिली. शेवटी तिने विचारलं, "डबा आढ्यात होता म्हणालीस. दोन वर्षं."

"हो."

"आणि त्या दिवशी खाली होता. तुझ्या हाताशी."

"हो. पडला असेल."

"आणि खिळा? तोही पडला?" म्हातारीने तिच्याकडे असं बघितलं, जसं शहाण्या पोराने सोपं गणित चुकवल्यावर बघतात. "डब्याला काय पाय फुटले होते, किनाई? अगं वेडे, मी बसले तेव्हा माझी आई माशाची अंडी घेऊन आली होती, अशीच ओटीतून. माझ्या पोरींना मी नेऊन दिलं. सगळ्यांना कुणीतरी नेऊन देतं. दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, घरातली माणसं कामं काढून निघून जातात. का जातात? ते खाऊन झाल्यावर मग कुणी विचारत नाही. कधीच विचारायचं नसतं. तुझी आई असती तर तिने हातात दिलं असतं. तुझी आजी कडक बाई, तिला हातात देणं जमलं नसेल. तिने खांबाशी ठेवलं आणि विहिरीवर जाऊन बसली."

किनाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिला विहीर दिसली, आणि विहिरीच्या काठावर, रिकामी बादली मांडीवर घेऊन, उन्हात उगाच बसून राहिलेली आजी, पोरीचं खाऊन होईल एवढा वेळ मोजत. मोठ्या पाहुण्यासाठी ठेवलेला डबा. पाहुणी कोण होती ते बावीस वर्षांत तिला कळलं नव्हतं. तिला राग आला, आजीचा, की एक शब्द बोलली असती तर काय जीभ झडली असती, आणि त्याच वेळी तिला हसू आलं, आणि मग ती रडली, तोंडावर हात दाबून, खांदे हलेपर्यंत. ती चोर नव्हती. तिला कुणी तरी दिलं होतं. मग हे पोट? हे पोट भाताचं होतं, पावाचं होतं, चार चमच्यांचं होतं, पोस्टाच्या स्टुलावर एकोणीस वर्षं बसल्याचं होतं, काटकुळ्या अंगाला एकाएकी मिळालेल्या सगळ्या गोष्टींचं होतं. मेरे नर्सने सांगितलं तेच. शापाला काही इलाज नव्हता म्हणून तिने कधी इलाज शोधलाच नाही. भाताला इलाज होता. परवापासून, तिने मनाशी ठरवलं, पोस्टापर्यंत चालत, आणि संध्याकाळी रोटिआला घेऊन ओहोटीच्या वाळूतून शिंपल्यांना, जिथपर्यंत पाणी जाईल तिथपर्यंत. ते तीन दिवसांत व्हायचं काम नव्हतं. वर्षं लागली तर वर्षं.

"द्या इकडे," तिने डोळे पुसून हात पुढे केला.

म्हातारीने ओटी सोडली. केळीच्या पानात भाजलेला मासा होता आणि नोनोउटीहून आलेल्या बाबाईच्या कंदाचा उकडलेला तुकडा, अजून कोमट. "मी जाते पाण्याच्या गाडीकडे," ती म्हणाली. "तास लागेल."

किनाई आत गेली आणि चटईच्या कडेला बसली. पान तिने खांबाशी ठेवलं, आणि मग पुन्हा उचलून पोरीच्या हातात दिलं. रोटिआने पानाकडे बघितलं, आईकडे बघितलं, हात मागे घेतला. सोललेली मांडी, विस्कटलेला सुंभ, आणि डोळ्यांत ती खरीखुरी भीती, जी किनाईनेच तिथे घातली होती.

"आई, मी आता खाल्लं तर ते जन्मभर चिकटेल ना?"

"चिकटेल," किनाई म्हणाली. "आईने आणून दिलं होतं, एवढं चिकटेल. खा."

रोटिआने माशाचा तुकडा मोडला, हलत्या दाढेची बाजू सोडून दुसऱ्या बाजूने चावायला लागली, आणि नियम म्हणून तोंड मात्र तिने पूर्वेकडेच ठेवलं.